कागदात चहा नाही

सणसरच्या कालव्याच्या भरावावरून मोटारसायकल खाली उतरल्याचा आवाज आला, तेव्हा दिग्विजयने थर्मासचे झाकण पुन्हा एकदा घट्ट केले. आज तरी चहा घेतला जाईल, ही आशा त्याने सोडली नव्हती. पण ती डोळ्यांपुढे मांडून ठेवण्याइतका धीर त्याच्याजवळ उरला नव्हता. त्याने थर्मास विहिरीच्या कठड्याआड ठेवला, मोबाईल स्टँडवर बसवला आणि तो बांधाच्या अलीकडे, आपल्या ठरलेल्या जागी उभा राहिला.

झुंबरदादा आला. दिग्विजयचा हा थोरला चुलतभाऊ; पन्नाशीकडे झुकलेला, उंच, रुंद हाडाचा, आणि भुवया अशा की नुसत्या उचलल्या तरी समोरच्याला हसू यावे. त्याने गाडी लिंबाखाली लावली, टोपी सारखी केली आणि बांधाच्या पलीकडे उभे राहून, दिग्विजयकडे न पाहता, मोबाईललाच विचारल्यासारखे विचारले,

“कुठनं?”

“मागच्या येळंला तुमी दगूड सरकवला हुता. तितनं.”

दिग्विजयने कळ दाबली आणि झुंबरदादाचा चेहरा एकदम जागा झाला.

“दगूड म्या सरकवला? आरं, दगडाला काय जीव न्हाय व्हय? तुझं त्वांड रोज सकाळी बघून त्योच लांब सरकला आसंल बिचारा!”

“वीतभर रान खाल्लंय तुमी माजं, दादा!”

“वीतभर? माजी वीत का तुजी वीत? तुज्या विती मोजल्या तर सणसरातनं निघून लासुर्णं येतंय का बघ आधी!”

दिग्विजयला हसू आले. ते आवरून त्याने कपाळाला हात लावायचा होता, तसा त्याने लावला. पंधरा वाक्यांत भांडण रंगले, शिगेला पोचले आणि झुंबरदादाने रागाने टोपी बांधावर आपटून ते संपवले. कळ पुन्हा दाबली गेली. त्याबरोबर पलीकडचा चेहरा मिटला. टोपी झटकली गेली.

“ह्या आठवड्याची दोन झाली न्हवं?”

“झाली. दादा, च्या आणलाय. घोटभर घ्या की.”

“कागदात च्या न्हाय,” झुंबरदादा म्हणाला. गाडीला किक बसली आणि भरावावर धूळ तेवढी मागे राहिली.

हे वाक्य त्याने रागाने म्हटले असते तर दिग्विजयला बरे वाटले असते. रागाला उत्तर देता येते. हे वाक्य तो, बँकेत बसलेला माणूस ‘शिक्का उद्या मिळेल’ म्हणतो, तशा आवाजात म्हणत असे.

ज्या बांधावर उभे राहून हे दोघे तीन लाख लोकांना हसवत होते, तो बांध मुळात नव्हताच. आजोबांनी कष्टाने जोडलेले ते रान दोन मुलांत कधी वाटले गेले नाही. सातबाऱ्यावर दोन घरांची नावे एकाखाली एक होती आणि उसाच्या सऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होत्या. दिग्विजयचे वडील तो शाळेत असतानाच गेले. त्यानंतर उसाची लागण, पाण्याची पाळी, तोडणी, कारखान्याची पट्टी हे सारे दोन्ही घरांसाठी झुंबरदादानेच पाहिले. बारामतीला डिप्लोमाला नाव घालताना वडिलांच्या जागी सही त्याची होती, आणि वसतिगृहाच्या दारात दिग्विजयची वळकटी उतरवताना “हितं जेवान बरं न्हाय लागलं तर यष्टीत बसून सरळ घरी यायचं, कुनाला इचारायचं न्हाय,” असे बजावणाराही तोच होता.

पुढे दिग्विजय बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. सुटीच्या दिवशी घरी आला की झुंबरदादा गावातल्या भांडखोर भावकीच्या नकला करी आणि घर हसून लोळे. त्यातली एक नक्कल दिग्विजयने मोबाईलवर टिपली, यूट्यूबवर टाकली, आणि ती एवढ्या लोकांनी पाहिली की दुसरी टाकणे भाग पडले. चॅनेलला नाव मिळाले ‘बांधावरचे भाऊबंद’. पण भाऊबंदांना बांध हवा. म्हणून एका सकाळी दोघांनी विहिरीजवळच्या पडीक पट्टीत फावड्याने माती ओढून एक खोटा बांध घातला, त्यावर हरळी लावली आणि मधोमध हद्दीचा म्हणून एक धोंडा रोवला. झुंबरदादाची आई द्वारकाबाई, जिला दिग्विजय लहानपणापासून मोठी आई म्हणे, भाकरी घेऊन आली आणि तो उद्योग पाहून तिथेच थबकली.

“खोटा का हुईना, बांध त्यो बांधच,” ती म्हणाली. “दुसरं काय सुचलं न्हाय व्हय रं तुमाला?”

“आये, लव्हस्टोरी करनार हुतो,” झुंबरदादा म्हणाला, “पन ह्या तोंडाला हिरवीन कोन दील? मग म्हनलं, दिगूशीच भांडू.”

एकदा तर दिग्विजयने मोबाईल लिंबाच्या बेचक्यात लपवला आणि म्हैस दावे तोडून पळाल्याची बातमी झुंबरदादाला दिली. तो बिचारा अर्धे गाव धुंडाळून, घामाघूम होऊन परत आला, तर म्हैस विहिरीमागे निवांत रवंथ करीत होती. ते चित्रण खूप चालले. झुंबरदादाही पोट धरून हसला, मात्र हसता हसता त्याने लिंबाकडे बोट करून दम भरला, “पुन्यांदा आसं केलंस तर झाडासकट तोडीन.” त्या दिवसापासून बोलण्याआधी लिंबाकडे एक नजर टाकायची त्याला सवय लागली. तेव्हा ती सवय गमतीची होती.

चॅनेल वाढले, पण अमर्याद वाढले नाही. दिग्विजयने नोकरी सोडली, झुंबरदादाची मुलगी राजलक्ष्मी नर्सिंग शिकायला पुण्याला गेली, आणि दोन घरांचा बराचसा भार उसावरून उठून त्या वीतभर बांधावर येऊन बसला. नेमक्या याच अवस्थेत मनुष्याला सल्ल्याची गरज भासते. बारामतीत भिगवण रस्त्याला, एका टायरच्या दुकानाच्या वर, बुद्धघोष नावाचा माणूस असा सल्ला देत असे. तो कोऱ्हाळे बुद्रुकचा, हिशेबनीस म्हणून शिकलेला. काही वर्षे स्वतः चॅनेल चालवून, त्यात पोळून, आता तो इतरांना पोळण्यापासून वाचवू पाहत होता. करारांचे नमुने, जाहिरातदाराशी बोलताना काय बोलावे आणि कोठे गप्प राहावे याची टिपणे, निर्धास्तपणे वापरता येईल असे संगीत, प्रेक्षकांचे पत्ते आपल्या हाती ठेवण्याच्या रीती, असे पुष्कळ साहित्य त्याने जमवून सर्वांसाठी खुले केले होते, आणि महिन्यातून एकदा त्यावर तो दिवसभर बोले.

“लहान चॅनेल बंद पडलं तर कुणाला कळत नाही,” तो म्हणाला होता. “मोठं बंद पडत नाही. मोडतं ते मधलं, म्हणजे तुमचं, आणि मोडताना घर बरोबर घेऊन मोडतं. तुम्ही भाड्याच्या जागेत दुकान मांडलंय. मालक उद्या भिंत हलवील, तुम्हाला विचारणार नाही. तेव्हा कमाईची चार दारं ठेवा. आपला माल काढा, आपल्या गिऱ्हाइकाचा पत्ता आपल्याकडे ठेवा. आणि ज्याच्यासोबत रोज काम करता त्याच्याशी गोडी आहे तोवर कागद करा. भांडण झाल्यावर कागद होत नाही, पंचनामा होतो.”

हा सल्ला चुकीचा होता असे पुढे गावात पुष्कळांनी म्हटले. ते खरे नाही. सल्ल्यातला प्रत्येक शब्द बरोबर होता. शेजारच्या तालुक्यातल्या दोन मित्रांचे बहरलेले चॅनेल केवळ ते कोणाच्या नावावर आहे या प्रश्नावर बुडालेले दिग्विजयने स्वतः पाहिले होते. झुंबरदादाला काही झाले, किंवा आपल्यालाच काही झाले, तर दुसऱ्याच्या घराने हात कोणापुढे पसरायचा? करार झुंबरदादाच्या हिताचा होता, राजलक्ष्मीच्या हिताचा होता. नाव दोघांचे, वाटा निम्मा निम्मा, आठवड्याला दोन भाग. एकाने काम सोडले तर काय, याचेही उत्तर त्यात होते. बुद्धघोषाच्या नमुन्यावरून त्याने तो मुद्रांकावर सुबक छापून घेतला. शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्यांसाठी दोन रेघा होत्या.

“आधी दादांच्या कानावर घाला,” त्याची बायको रेश्मा म्हणाली. “जेवताना बोला. कागद मागनं येऊ द्या.”

“सगळं तयार करूनच दाखवतो की. दादांना कटकट नको.”

“आन साक्षीदार कोन?”

“एक माझा कंपनीतला दोस्त हाय. दुसरे आप्पासाहेब.”

रेश्मा बारामतीची, म्हणून ती काही बोलली नाही. सणसरची कोणतीही बाई असती तर तिने त्याच्या हातातला कागद हिसकावून घेतला असता.

कारण आप्पासाहेब कोण, हे गावात कोणाला सांगावे लागत नसे. चाळीसएक वर्षे गावात भावाभावांत जी वाटणी झाली, तिच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांची सही होती. माणूस सरळ, बोलणे मोजके, दोन्ही बाजूंना मान्य. वाटणी म्हटली की आप्पासाहेब, आणि आप्पासाहेब कागद घेऊन दारात उभे राहिले की वाटणी. दिग्विजय याच गावात वाढला होता. पण साक्षीदार हवा म्हटल्यावर गावातले जे नाव जिभेवर येते ते त्याच्याही जिभेवर आले, आणि ते का येते याचा विचार करण्याचे त्याला सुचले नाही. आप्पासाहेबांनीही कागद कसला, हे विचारले नाही. ते कधीच विचारत नसत.

झुंबरदादाच्या ओसरीवर द्वारकाबाई लसूण सोलत बसली होती. आप्पासाहेबांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, त्यांच्या मागे मुद्रांकाचा कागद हातात धरलेला दिग्विजय दिसला, आणि म्हातारीने कोणी काही बोलण्याच्या आत पदर डोक्यावरून पुढे ओढला. तिने उठून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती आत गेली. आप्पासाहेबांच्या आठवणीत वाटणीच्या बैठकीला कोणत्याही घरात चहा झालेला नव्हता. इथेही आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही.

आप्पासाहेब बसले, त्यांनी घसा साफ केला आणि असल्या वेळी नेहमी म्हणत ते वाक्य म्हटले, “कोन कुठली बाजू घेतंय ते आधी बोला. मागनं तोंडातोंडी नगं.”

झुंबरदादाने एकदा त्यांच्याकडे, एकदा दिग्विजयकडे पाहिले. मग त्याने कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागला.

“पक्ष क्रमांक एक, पक्ष क्रमांक दोन. काय रं दिगू, इलेक्शनला हुबा ऱ्हायलास व्हय? मला तरी आदी सांगायचं, प्रचार केला आसता.” तो हसला आणि पुढे वाचत गेला. “सदर उभय पक्ष भविष्यात विभक्त झाल्यास...”

तिथे तो थांबला. त्याने ते वाक्य पुन्हा एकदा, मनात वाचले. चष्मा काढला.

“कवापासनं मनात हुतं?”

“दादा, हे चॅनेलचं हाय! रानाचा संबंध न्हाय ह्यात.”

“मंग आप्पासाहेबास्नी कशाला तरास दिला?”

“साक्षीदार पायजे हुता म्हणून...”

“तुज्या न माज्या मधी?” झुंबरदादाने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पेन घेतले. उरलेली पाने त्याने वाचलीच नाहीत. “कुठं करायची? हितं? आन हितं? झालं. आप्पासाहेब, करा तुमी बी. तुमचा हात बसलाय.”

आप्पासाहेबांना काहीतरी बिघडले आहे हे एव्हाना उमगले होते. त्यांनी पेन हातात धरून दिग्विजयकडे पाहिले. पण सही झाली होती, आणि झालेल्या सहीखाली सही करणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. ते त्यांनी केले.

त्यानंतर झुंबरदादाने कराराचा एकही शब्द मोडला नाही. आठवड्याला दोन म्हणजे दोन. ठरलेल्या वेळी येई, भांडे, जाई. त्याचे भांडणे आता पूर्वीहून धारदार झाले होते. कारण पूर्वी त्यात नक्कल होती. पहिल्याच भागात त्याने ठरलेले वाक्य सोडून विचारले, “आरं, तुला वीतभर रान पायजे हुतं तर मागायचं हुतंस की माज्याकडं! कागूद कशाला आणलास?” दिग्विजयची बोबडी वळली. ती बोबडी लोकांना एवढी आवडली की त्या भागाने चॅनेलचे आजवरचे सारे आकडे मागे टाकले. ‘आता खरी मजा येतेय,’ असे एकाने खाली लिहिले होते. दिग्विजयने ते पुन्हा पुन्हा वाचले आणि प्रत्येक वेळी, मनाविरुद्ध, त्या माणसाशी त्याला सहमत व्हावे लागले.

घरी जाऊन समजूत काढावी, तर मोटारसायकल अंगणात उभी असताना द्वारकाबाई सांगे, “झुंबर रानात गेलाय.” तिला खोटे बोलता येत नसे, ती ते जमिनीकडे बघत बोले. फोन केला तर पलीकडून येई, “शूटिंगचं आसंल तर बोल.” अशा रीतीने साऱ्या पंचक्रोशीत एकच जागा उरली, जिथे झुंबरदादा त्याच्यासमोर उभा राही आणि त्याचे ऐकून घेई, आणि त्या जागेवर मोबाईल लावलेला असे.

शेवटी दिग्विजयने तीच जागा वापरली. भांडण ऐन रंगात असताना तो थांबला, हातातला मोजणीचा टेप खाली टाकला आणि म्हणाला, “दादा, चुकलं माजं. आप्पासाहेबास्नी न्यायला नगं हुतं. मला अक्कल न्हवती.”

क्षणभर बांधाच्या पलीकडे काहीतरी हलले. झुंबरदादाच्या भुवया खाली आल्या, ओठ उघडले. मग त्याची नजर लिंबावर गेली, तिथून मोबाईलवर आली, आणि तो चॅनेलवरच्या भांडखोर भावाच्या आवाजात गरजला, “अक्कल न्हवती? मंग ती बी निम्मी निम्मी वाटून घिऊ! आन कागूद! आन आप्पासाहेब!”

ते अप्रतिम होते. दिग्विजयला ते अप्रतिम आहे हे त्याच क्षणी कळले, हेच त्याचे दुर्दैव. घरी येऊन ते पुसून टाकायचे असे त्याने ठरवले होते. पण आठवड्याला दोन भाग हे कलम त्याने स्वतः लिहिले होते, दुसरा भाग हाताशी नव्हता, आणि रेश्मा “हे नका टाकू हो,” म्हणत असताना त्याने त्याला कात्री लावली, शेवटी ढोलकी घातली आणि ते टाकले.

पुढच्या खेपेला गाडी लावता लावता झुंबरदादा, आपणहून, एकच वाक्य बोलला. “तुजी माफी बगितली. लय चालली म्हनं.”

दिग्विजय बारामतीला गेला. बुद्धघोषाने करार पुन्हा एकदा नीट वाचला.

“कागद चांगला आहे. उत्तम आहे. रद्दही होतो, दोघांनी सह्या केल्या की.”

“सही तर ते आत्ता करतील. सहीचं काही नाही. मला आधीचं पाहिजे.”

“आधीचं म्हणजे?”

“चहा,” दिग्विजय म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बुद्धघोष हसला नाही. “साक्षीदार कोण होता?” त्याने विचारले, आणि उत्तर ऐकून खुर्चीत मागे रेलला. “आप्पासाहेब! अरे, आमच्या कोऱ्हाळ्यापर्यंत नाव आहे त्या माणसाचं. तू कागद नाही नेलास लेका, वाटणी नेलीस.” मग तो म्हणाला, “चाळीस नमुने ठेवलेत मी लोकांसाठी. कोणता कागद कोणत्या तोंडानं न्यायचा, ते एकातही लिहिलेलं नाही. ते माझंही चुकलं.”

मेजावर दुसराही एक कागद होता. एका पशुखाद्य कंपनीला वर्षभराची जाहिरात द्यायची होती. दोन घरे स्थिर होतील, राजलक्ष्मीचे शिक्षण निर्वेध पार पडेल, आपला माल काढायला उसंत मिळेल, असा तो व्यवहार होता. अट एकच: भाऊबंदांचे भांडण वर्षभर मिटता कामा नये. झुंबरदादाने त्यावर आधीच सही केली होती. करार सोमवारपासून सुरू होणार होता.

“भांडणावर बांधलेलं घर भांडण मिटलं की बसतं,” बुद्धघोष म्हणाला. “म्हणून म्हणतो, वर्षभरात दुसरं दार काढा.”

“म्हणजे तोवर मिटवू नको?”

“तसं मी म्हणत नाही.” त्याने कागदाची कड बोटाने सरळ केली. “आकडे म्हणतात.”

दिग्विजयने सही केली. दुसरे काय करता येत होते? न करावी, तर झुंबरदादाचेच घर आधी उघड्यावर पडत होते. परतीच्या वाटेवर भवानीनगर मागे पडले, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून एसटी रांगत राहिली, आणि खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना शेताशेतांतले बांध एकामागून एक सरकत गेले. खरे बांध. त्यांपैकी एकही त्याच्या बांधाएवढा पक्का दिसत नव्हता.

रविवारी सकाळी त्याने मोबाईल रेश्माच्या हातात दिला, फावडे घेतले आणि तो विहिरीजवळ गेला. करावे काय याचा हिशेब त्याच्याजवळ नव्हता. उद्या या बांधाची गरज आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही त्याने हरळी उपटली, धोंडा ढकलून विहिरीच्या कडेला नेला आणि माती दोन्ही बाजूंना ओढून जमीन सपाट केली. घामाने सदरा पाठीला चिकटला. पट्टी पुन्हा तशीच दिसू लागली, जशी त्याने लहानपणी पाहिली होती; सलग, आणि थोडी पोरकी.

मोटारसायकलचा आवाज आला, तेव्हा तो फावड्यावर रेलून उभा होता. झुंबरदादा विहिरीवरची मोटर चालू करायला आला असावा. तो गाडीवरून उतरला आणि जागच्या जागी थांबला.

“बांध कुटाय?”

“मोडला.”

झुंबरदादाने लिंबाकडे पाहिले. मग तो खरोखरच लिंबाखाली गेला, बेचक्यात हात घालून त्याने चाचपले, विहिरीच्या कठड्याआड डोकावला, उसाची दोन पाने बाजूला सारून आत पाहिले.

“न्हाय दादा. मोबाईल घरी हाय. रेश्माबी घरी हाय. कुनी न्हाय.”

“आसं तू म्हशीच्या टायमालाबी म्हनला हुतास.”

दिग्विजयने खिसे उलटे करून दाखवले. त्या उलट्या खिशांसह तो तसाच उभा राहिला. सगळे शब्द एकदा वापरून झाले होते, ढोलकीसकट.

झुंबरदादा पुढे आला. त्याने सपाट जमिनीवरून एक नजर फिरवली, जशी पाणी द्यायच्या आधी फिरवतात. मग त्याने दिग्विजयच्या हातातले फावडे घेतले.

“उद्या कंपनीची मानसं येनार. पोरीची फी हाय. आन हे येडं बांध मोडून बसलंय,” तो कोणाला तरी सांगितल्यासारखे म्हणाला, आणि माती ओढू लागला.

दिग्विजय धोंडा घेऊन आला. दोघे कामाला लागले. पहिल्या खेपेला हाच बांध घालताना किती हसलो होतो, ते त्याला आठवले, आणि झुंबरदादालाही आठवत असावे, कारण तो मान वर करीत नव्हता. माती चढत गेली. हरळीची ढेकळे पुन्हा बसली. बांध झाला, तेव्हा दिग्विजयने पाहिले, की तो होता त्या जागी नव्हता. वीतभर अलीकडे, त्याच्या बाजूला सरकला होता.

“दादा,” तो म्हणाला, “वीतभर खाल्लं तुमी.”

झुंबरदादाने फावडे टेकवले. एक भुवई, फक्त एक, वर गेली.

“माजी वीत का तुजी वीत?”

“माजी.”

“मंग तू बारामतीला शिकलास काय? आदी हात मोजून ये.”

इतकेच. पुढचे वाक्य मागायला समोर मोबाईल नव्हता. झुंबरदादा बांधाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. ती जागा आता त्याची झाली होती, उद्याही कामासाठी तिथेच उभे राहायचे होते. त्याने टोपीने तोंड पुसले. गाडीकडे जाताना तो मध्येच थांबला.

“कठड्याआड थर्मास हाय न्हवं तुजा? मगाशी दिसला.”

“हाय.”

“कागदात च्या न्हाय,” झुंबरदादा म्हणाला. मग टोपी सारखी करत, “पन मनाई बी लिवलेली न्हाय.”

दिग्विजयने कप भरला. थोडा चहा नव्या मातीवर सांडला. त्याने बांधावरून कप पुढे केला, पलीकडून हात आला, आणि नेमक्या त्या क्षणी, त्याला न विचारता, त्याच्या मनाने ठरवून टाकले की मोबाईल नेहमीच्या जागी नव्हे, जरा खाली, हरळीच्या पातळीवर लावायला हवा. म्हणजे दोन हात आणि मध्ये कप एवढेच दिसेल.

झुंबरदादाने घोट घेतला. कपाच्या कडेवरून तो त्याच्याकडे पाहत होता.

“काय बघतुयास?”

“काय न्हाय,” दिग्विजय म्हणाला, आणि जमिनीकडे पाहू लागला.